मुंबईत नवीन आलेल्यांसाठी: लोकलने सुरक्षित प्रवास, पायरीपायरीने

नोकरीसाठी किंवा शिकायला मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला घरचे एक सल्ला हमखास देतात: "लोकलमध्ये पाकीट सांभाळ." पाकीट सांभाळायलाच हवं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण कोरोनाची दोन वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावत आली आहेत. त्यात सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे आणि त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडणाऱ्यांचा. म्हणजे भीती वाटते चोराची, आणि जीव जातो रुळांवर नाहीतर दारात. म्हणून या लेखात रूळ, चढणं, दार आणि उतरणं यांना जास्त जागा दिली आहे. बाकीचं त्यानंतर.

रोज साधारण ७५ लाख लोक लोकलने ये-जा करतात आणि त्यातले जवळजवळ सगळे संध्याकाळी सुखरूप घरी पोचतात. कुठे उभं राहायचं, कधी पुढे सरकायचं, कुठली गाडी सोडायची हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. अंगवळणी पडलेली गोष्ट कुणी बसून समजावून सांगत नाही, आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो.

पायरी १: पहिली फेरी रिकाम्या वेळी मारा

ऑफिस किंवा कॉलेज सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी, कामाच्या दिवशीच, दुपारी बारा ते तीनच्या मधे घर ते ऑफिस असा पूर्ण प्रवास एकदा करून बघा. रविवार सोयीचा वाटतो, पण रविवारी वेळापत्रक वेगळं असतं आणि बहुतेक रविवारी देखभालीसाठी ब्लॉक असतो. ब्लॉकमध्ये जलद, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या, गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द करतात, प्लॅटफॉर्म बदलतात. नवीन माणसाचा त्यात गोंधळच होतो.

या फेरीत चार गोष्टी पाहून ठेवा. तुमच्या स्टेशनवर पूल किती आहेत आणि कुठला पूल तुम्हाला बाहेर नेमक्या बाजूला सोडतो, पूर्वेला की पश्चिमेला. गाडीचा कुठला डबा पुलाच्या जिन्याजवळ येतो. उतरायच्या स्टेशनच्या आधी कुठलं स्टेशन येतं. आणि प्लॅटफॉर्म डाव्या हाताला येतो की उजव्या. ही चौथी गोष्ट बारीक वाटेल, पण गर्दीच्या वेळी सगळं तिच्यावर ठरतं. धीम्या आणि जलद गाडीला एकाच स्टेशनवर वेगवेगळ्या बाजूला प्लॅटफॉर्म येऊ शकतो, म्हणून दोन्ही पाहून ठेवा.

एक सूचना गावाहून सामान घेऊन येणाऱ्यांसाठी. देवगिरी, लातूर एक्सप्रेस, महालक्ष्मी अशा गाड्या सकाळी मुंबईत येतात, आणि दोन सुटकेस घेऊन दादरला नाहीतर कल्याणला उतरलेला माणूस तसाच नऊच्या लोकलमध्ये शिरायला बघतो. हे करू नका. लगेजचा डबा माल वाहणाऱ्या विक्रेत्यांसाठी असतो, तो तुमच्या बॅगांसाठी नाही. वेटिंग रूममध्ये बसा, चहा-नाश्ता करा, अकरानंतर निघा. नाहीतर सरळ रिक्षा-टॅक्सी करा. त्या दिवशीचे ते पैसे वाया जात नाहीत.

पायरी २: इंडिकेटर वाचायला शिका

मध्य मार्ग सीएसएमटीवरून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून) कल्याणकडे जातो आणि पुढे त्याला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याला आणि एक कर्जत-खोपोलीला. पश्चिम मार्ग चर्चगेटवरून बोरिवली, विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जातो. हार्बर मार्ग सीएसएमटीवरून पनवेलला आणि गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे ट्रान्स-हार्बर. सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी 'अप', तिथून बाहेर पडणारी 'डाऊन'. घोषणेत हे शब्द कानावर पडतील.

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, किती वाजता येणार, धीमी की जलद, आणि किती डब्यांची, हे लिहिलेलं असतं. डब्यांची संख्या लोक वाचत नाहीत. बारा डब्यांची गाडी आणि पंधरा डब्यांची गाडी प्लॅटफॉर्मवर सारख्या जागी थांबत नाहीत. तुम्ही टोकाला उभे, गाडी बारा डब्यांची, शेवटचा डबा तुमच्यापासून पन्नास पावलं अलीकडे थांबला की तुम्ही धावत सुटता. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर, सुटायच्या बेतात असलेल्या गाडीच्या कडेने धावणं हा रोजच्या अपघातांना आमंत्रण देणारा प्रकार आहे, आणि इंडिकेटरवरचा एक आकडा वाचला तर तो टळतो. महिलांचे, फर्स्ट क्लासचे आणि दिव्यांगांचे डबे कुठे येतात त्याच्या खुणा प्लॅटफॉर्मवर, खांबांवर केलेल्या असतात. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर स्त्रियांना आणि कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो.

जवळचं अंतर असेल तर लांबची गाडी घेऊ नका. संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्टमध्ये अंधेरीला उतरणारा माणूस चढला, तर त्याला आतून दारापर्यंत पोचताच येत नाही, आणि दारातले लोकही त्याच्यावर चिडतात. अंधेरीला अंधेरी किंवा बोरिवलीची गाडी घ्यावी, बोरिवलीला बोरिवलीची. मध्य मार्गावर ठाण्याला उतरायचं असेल तर कर्जत-कसारा फास्ट सोडून ठाण्याची किंवा कल्याणची घ्या. धीमी असली तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातील, पण चढता-उतरता येईल.

दादरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग मिळतात. पूर्वी दोन्ही मार्गांवर एक नंबरपासून प्लॅटफॉर्म होते आणि लोकांचा सतत घोळ व्हायचा. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग नंबर आहेत. एखादा जुना माणूस अजूनही जुन्या नंबराने सांगेल, पाटीवर विश्वास ठेवा.

तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढा, मोबाइलवर किंवा मशीनवर. सेकंड क्लासचं सगळ्यात कमी तिकीट ५ रुपये आहे आणि विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड. पण तिकिटाचा संबंध सुरक्षेशीही आहे, तो शेवटी सांगते.

पायरी ३: रूळ ओलांडायचे नाहीत

यात अपवाद नाही. सगळे जात असले तरी नाही, भिंतीला भगदाड असलं तरी नाही, पूल अगदी पलीकडच्या टोकाला असला तरी नाही.

माणसं बेफिकीर असतात म्हणून रुळांवर मरतात असं मला वाटत नाही. त्यांचा अंदाज चुकतो, आणि तो चुकण्याची कारणं आहेत. आताच्या लोकल जुन्या गाड्यांच्या मानाने आवाज फार कमी करतात. स्टेशनवर न थांबणारी जलद गाडी ताशी ८०-१०० किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास. समोरून येणारी गाडी लांब दिसते आणि डोळ्याला तिचा वेग कळत नाही. मोटरमनने ब्रेक मारला तरी गाडी थांबायला काही शे मीटर लागतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे दुसरी गाडी: एका रुळावरून गाडी धडधडत गेली, ती गेल्याबरोबर माणूस पाऊल टाकतो, आणि तिच्या आवाजात, तिच्या आडोशाला, बाजूच्या रुळावरून दुसरी आलेली असते. कानात इअरफोन असले तर विचारायलाच नको.

कायद्यानेही हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली दंड किंवा कैद होऊ शकते.

पूल चढून जायला तीन-चार मिनिटं लागतात. ही तीन-चार मिनिटं घरून निघतानाच धरा.

पुलावरही एक नियम पाळा: जिन्यात थांबायचं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी परळच्या बाजूला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनवर, चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. अचानक जोराचा पाऊस आला, लोक पुलावर आणि जिन्यात आडोशाला थांबले, आणि खालून गाड्यांमधून उतरलेली माणसं येतच राहिली. पाऊस आला तर प्लॅटफॉर्मच्या छपराखालीच थांबा, जिन्याकडे वळू नका. पुलावर दाटी वाढते आहे असं वाटलं तर मागे फिरा, दुसरा पूल घ्या. अडकलातच तर कठड्याला चिकटू नका, दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, आणि गर्दीच्या उलट ढकलू नका.

पायरी ४: चढणं

गाडी स्टेशनवर साधारण वीस-तीस सेकंद थांबते. एवढ्या वेळात उतरणारे उतरतात आणि चढणारे चढतात. यात नवीन माणसाने काय करायचं ते सविस्तर सांगते.

गाडी येण्याआधी पाठीवरची बॅग पुढे घ्या, पोटावर. मोबाइल आतल्या खिशात किंवा बॅगेत. ओढणी, पदर, स्टोल खोचून घ्या, लोंबता ठेवू नका. छत्री मिटवा. पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे राहा. गाडी प्लॅटफॉर्ममध्ये शिरतानाच दारातली माणसं बाहेर झुकलेली असतात आणि काही उतरायला सुरुवात करतात, त्यांचा धक्का लागून पट्ट्यावर उभा असलेला माणूस कोलमडतो.

दार समोर आलं की मधोमध उभे राहू नका, बाजूला उभे राहा. उतरणाऱ्यांचा लोंढा मधून येतो. तो ओसरला की पुढच्या माणसाच्या मागे चिकटून शिरा. एक हात दाराच्या मधल्या खांबाला किंवा बाजूच्या दांडीला घट्ट, मग पाय आत. आधी पाय टाकून नंतर हाताला आधार शोधायचा नाही. आत शिरल्यावर दारात थबकू नका, दोन पावलं पुढे सरका, तुमच्या मागे अजून माणसं आहेत. "पुढे चला, पुढे चला" असं मागून ऐकू येईल. ती शिवीगाळ नाही, त्याचा अर्थ खरोखर एवढाच की पुढे चला.

गाडी हलली की ती तुमची नाही. हे पाठ करा. चालती गाडी पकडताना काय होतं? हात खांबाला लागतो, गाडी वेग घेते, शरीर मागे खेचलं जातं, पाय प्लॅटफॉर्मवरून घसरतो. खाली गाडी आणि प्लॅटफॉर्म यांच्यात फट असते. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्टेशनवर एक कॉलेजची मुलगी या फटीतून खाली गेली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर प्लॅटफॉर्मची उंची वाढवण्याचा प्रश्न न्यायालयात गाजला आणि बऱ्याच ठिकाणी उंची वाढवली गेली. तरी वळणावरच्या प्लॅटफॉर्मवर फट अजूनही मोठी असते. "गाडी आणि फलाट यांतील अंतराकडे लक्ष द्या" ही घोषणा रोज ऐकून कान बधिर होतात, पण ती खरी आहे.

गर्दीच्या वेळी मुख्य मार्गांवर पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येते. सुरुवातीचा आठवडा तुम्ही दोन-तीन गाड्या सोडाल. सोडा. वीस मिनिटं लवकर निघा आणि सोडा. सीएसएमटी, चर्चगेट, कल्याणला गाडी थांबायच्या आधीच उड्या मारून सीट पकडणारे दिसतील. त्यातल्या प्रत्येकाला तसं करताना पडलेला कुणीतरी माहीत असतो. त्यांची नक्कल करू नका.

पायरी ५: दारात उभं राहायचं नाही

उकाडा असतो, वारा लागतो, लवकर उतरता येतं. दारात उभं राहायची कारणं मला समजतात. पण ९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दारात आणि पायरीवर उभे असलेले प्रवासी खाली पडले, त्यात किमान चार जणांचा जीव गेला. ते काही स्टंट करणारे नव्हते, कामावर निघालेली माणसं होती. आत जागा नव्हती म्हणून बाहेर राहिली होती. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, हे रेल्वेच्याच हिशेबात सांगितलं जातं. हा दोष प्रवाशांचा नाही. गाड्या वाढायला हव्यात, दारं बंद होणारी हवीत. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं देण्याचं जाहीर केलं. ती सगळीकडे येईपर्यंत मात्र आपला जीव आपल्यालाच जपायचा आहे. फक्त पायरीवर जागा उरली असेल तर ती गाडी भरलेली आहे असं समजा.

आत शिरायला मिळालं की दोन सीटांच्या रांगांमधल्या पॅसेजमध्ये जा. वरची हँडल धरा. दारात थांबावंच लागलं तर खांबाला पाठ लावून, तोंड आत करून उभे राहा, आणि पाठीवर बॅग असता कामा नये: गाडीच्या बाहेर आलेली बॅग सिग्नलच्या खांबाला किंवा बाजूच्या गाडीला लागू शकते. डोकं बाहेर काढून पुढचं स्टेशन बघू नका. छतावर चढणाऱ्यांसाठी एकच वाक्य: वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते आणि तिला स्पर्श करायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी तिचा झटका बसतो.

एसी लोकलला दारं बंद होतात, त्यामुळे पडण्याचा धोका जवळजवळ संपतो. परवडत असेल तर सुरुवातीला एसीचा पास घ्या असं मी सांगेन, निदान पावसाळ्यात. साध्या तिकिटावर मात्र तिच्यात चढू नका, आणि दार बंद होताना हात किंवा बॅग घालू नका. मेट्रोबद्दल वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही. तिथे रांग आहे, दारं आहेत, गर्दी झाली तरी पडायला जागा नाही. मार्ग जुळत असेल तर खुशाल मेट्रोने जा. बेस्टच्या बसमध्ये एकच लक्षात ठेवा, सिग्नलला बस थांबली म्हणून उतरू नका, मागून बाइक येतात.

पायरी ६: उतरायची तयारी आधीच्या स्टेशनपासून

समजा तुम्ही सकाळी डोंबिवलीहून जलद गाडीने दादरला निघाला आहात. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं. आता जागेवरून हला. समोरच्या माणसाच्या खांद्याला हलकेच हात लावून विचारायचं, "दादर?" त्याने मान डोलावली की त्याच्या मागे उभे राहा, तो तुम्हाला घेऊन जाईल. "नाही, भायखळा" म्हणाला तर "मग जरा पुढे येऊ द्या" म्हणा. तो अंग चोरेल, तुम्ही त्याच्या पुढे याल, तो तुमच्या जागी जाईल. असं करत करत कुर्ला येईपर्यंत दादरवाल्यांची एक रांग दाराकडे तोंड करून तयार झालेली असते. बोलाचाली फार होत नाही, पण ही व्यवस्था रोज, प्रत्येक डब्यात, कुणीही न शिकवता चालते. तिच्यात शिरायला एक शब्द पुरतो, तुमच्या स्टेशनचं नाव. "कुठल्या साइडला येणार?" हेही विचारा. मुंबईत याला कुणी वेडगळ प्रश्न समजत नाही.

गाडी थांबेपर्यंत थांबा. मागून रेटा येईल, "चलो चलो" होईल, पाय घट्ट ठेवा. थांबल्यावर गर्दी तुम्हाला बाहेर नेतेच. एक हात खांबावरून सरकवत, नजर पायाखालच्या फटीवर. खाली उतरल्यावर दारासमोर उभे राहून मोबाइल काढू नका, लगेच बाजूला व्हा, कारण चढणारे आता झेपावणार असतात.

आणि उतरताच आलं नाही तर? पुढच्या स्टेशनला उतरा, पूल ओलांडून उलट गाडीने या. टीसीने विचारलं तर खरं ते सांगा. उशीर झाल्याचा फोन साहेबांना करता येतो. सुटलेल्या गाडीतून उडी मारण्याचं कुठलंच कारण पुरेसं नाही.

पायरी ७: पाकीट, मोबाइल, गळ्यातलं

चोरी बहुतेक वेळा चढता-उतरताना होते, आतल्या प्रवासात कमी. त्या वीस सेकंदांत सगळ्यांचं लक्ष दाराकडे असतं आणि अंगाला अंग घासतच असतं. मागच्या खिशात काहीही ठेवू नका. पैसे दोन ठिकाणी विभागा. गळ्यातली सोन्याची चेन, मोठं मंगळसूत्र गर्दीत घालू नका, किंवा ओढणीखाली ठेवा.

मोबाइलची एक खास मुंबईची चोरी आहे. पोलीस आणि वर्तमानपत्रं तिला 'फटका गँग' म्हणतात. गाडीचा वेग जिथे कमी होतो तिथे रुळांच्या कडेला किंवा खांबावर एक जण काठी घेऊन उभा असतो. दारात मोबाइल हातात धरून उभा असलेला प्रवासी जवळ आला की मनगटावर काठीचा फटका बसतो, हात उघडतो, मोबाइल खाली पडतो, तो उचलून पसार. खरा घात पुढे असतो: माणूस प्रतिक्षिप्तपणे फोनच्या मागे झुकतो, तोल जातो. असे पाय गेलेले आहेत, जीव गेलेले आहेत. दारात फोन काढायचाच नाही. गेलाच तर जाऊ द्या. खिडकीशी बसून बोलत असाल तरी स्टेशनवर गाडी थांबलेली असताना फोन गजांपासून लांब धरा.

पायरी ८: बायकांनी आणि रात्री उशिरा जाणाऱ्यांनी

महिलांचे डबे प्रत्येक गाडीत असतात. काही चोवीस तास राखीव, काहींवर वेळ लिहिलेली असते, ती वाचून चढा. सकाळ-संध्याकाळ संपूर्ण महिला विशेष गाड्याही असतात. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, तो कुठल्या डब्यात आहे ते प्लॅटफॉर्मवरूनच बघा आणि तिथे चढा. डबा अगदी रिकामा वाटला तर नुसत्या राखीवपणावर विसंबू नका. माणसं असलेला साधा डबा रिकाम्या लेडीजपेक्षा बरा, हे माझं स्पष्ट मत आहे.

दरवाजापासून दूर, आतल्या बाजूला बसा. बऱ्याच डब्यांत गार्डशी बोलायचं बटण आणि कॅमेरे असतात, नसेल तिथे साखळी असते. ती कुठे आहे हे बसल्या बसल्या पाहून ठेवा. कुणी अंगचटीला आलं तर मनातल्या मनात शंका घेत बसू नका, पहिल्याच वेळी मोठ्याने बोला. "हात काढ" एवढं पुरतं. लेडीज डब्यातल्या बायका आपल्या माणसासारख्या उभ्या राहतात, हे कुठल्याही रोज प्रवास करणारीला विचारा. साध्या डब्यातही आवाज चढला की माणसं वळतात.

शेवटची लोकल मार्गाप्रमाणे रात्री बारा ते एकच्या मधे असते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, एक आधीची धरा. स्टेशनबाहेर रिक्षात बसल्यावर नंबर घरी कळवा.

पायरी ९: पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसं रात्रभर जिथल्या तिथे अडकली. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण शीव, कुर्ला, दादर-परळ या सखल भागात रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबतात हे जवळजवळ दर पावसाळ्यात होतं. बॅगेत पाण्याची बाटली, बिस्किटं, पॉवर बँक ठेवा. भरतीची वेळ आणि हवामान खात्याचा इशारा सकाळी बघा. रेड अलर्ट असेल तर ऑफिसला तसं कळवण्यात लाज नाही.

दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबली तर खाली उतरू नका. डब्याचा तळ जमिनीपासून मीटरभराहून उंच असतो, खाली खडी, आणि बाजूच्या रुळावर गाड्या चालू असू शकतात. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, लोकांनी खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण गेले. आग नव्हतीच. रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या माणसांनी उतरवलं तरच उतरा आणि त्यांच्या मागेच चाला.

स्टेशनबाहेर रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर थांबा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अशाच पाण्यातून चालत जाणारे मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले. चालावंच लागलं तर रस्त्याच्या मधून, आधी छत्रीचं टोक टेकवत.

पायरी १०: काही घडलंच तर

हे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला: रेल्वेची मदत १३९, लोहमार्ग पोलीस १५१२, कुठल्याही संकटात ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १०८. फोन करताना गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन, आणि डबा पुढून किंवा मागून कितवा हे सांगितलं की पुढच्या स्टेशनवर माणसं त्याच दारासमोर येतात.

आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) आणि लोहमार्ग पोलीस या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मदत दोघेही करतात, गुन्हा मात्र लोहमार्ग पोलीस नोंदवतात. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली अशा मोठ्या स्टेशनांवर त्यांची ठाणी आहेत. "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फोन चोरीला गेला असेल तर आधी सिम आणि यूपीआय बंद करा, मग तक्रार, मग केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून फोन ब्लॉक करा. त्यासाठी तो नंबर आजच घरी वहीत लिहून ठेवा.

कुणी पडलं किंवा कुणाला भोवळ आली तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसकडे एक माणूस पळवा. स्वतः रुळांवर उतरू नका.

आणि तिकिटाचं राहिलं होतं ते. धावत्या गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली कुटुंबाला भरपाई मागता येते. मृत्यूसाठी ती ८ लाख रुपये आहे, आणि दुखापतीसाठीही ठरलेली रक्कम मिळते. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात करतात. तो मिळण्यासाठी माणूस अधिकृत प्रवासी होता हे दाखवावं लागतं, आणि रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला तो लागू होत नाही. म्हणून पासाचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, आणि दर महिन्याला पास नवा केला की नवा फोटो पाठवा. पासासोबत ओळखपत्र, मागे घरच्यांचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. फोन लॉक असला तरी चिठ्ठी कुणालाही वाचता येते.